तिसऱ्या गल्लीचं पाणी

औरंगाबादेत त्या उन्हाळ्यात देवाच्या खालोखाल कुणाला नमस्कार घडत असतील, तर ते लाईनमनला. खरं सांगायचं तर देवाच्याही आधी. देवाकडे मागितलं तर मिळेलच असं नाही. लाईनमन चौथ्या दिवशी का होईना, पाणी सोडायचा. जायकवाडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पैठणहून येणाऱ्या पाइपात पाणी कमी आणि हवाच जास्त. आणि शहराला तर वाढीची नुसती खाज सुटलेली. काल ज्वारीची धसकटं होती तिथं आज चारमजली इमारत, आणि तिच्यावर ‘चोवीस तास पाणी’ अशी पाटी. पाटी वाचून लोक फ्लॅट घ्यायचे आणि राहायला आले की पहिल्या दिवशी टँकरवाल्याचा नंबर घ्यायचे.

गारखेड्याकडच्या सुयोग कॉलनीचा लाईनमन होता केरबा. वय पन्नास, उंची दाराला अडेल इतकी, आणि मिशा अशा की बोलताना ओठ दिसू नयेत. अर्थात ती वेळ फारशी यायचीच नाही, कारण केरबा बोलत नसे. दिवसाकाठी दहा शब्द, त्यातले सहा ‘व्हय’ आणि तीन ‘नाय’. पुरुषभर लांबीची लोखंडी चावी लुनाला बांधून तो पाळीच्या रात्री नऊला कॉलनीत शिरायचा. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण काढायचा, चावी आत घालायचा, पाइपाचा वॉल फिरवायचा. मग चावीचं वरचं टोक कानाला लावून डोळे मिटायचा. पाणी कुठवर आलं, किती जोरानं आलं, हवा कुठं अडली, सगळं त्याला कानानं कळायचं. बाकीचे लाईनमन लोकांच्या घरात शिरून नळ उघडून बघत. केरबा रस्त्यात उभा राहून ऐकत असे.

हा कान त्याला मेंढरांनी दिला होता. कन्नडच्या घाटाकडचं गाव, धनगराचं घर, बापाची दीडशे मेंढरं. अंधारात कुठली मेंढी लंगडते, कुठलं कोकरू मागं राहिलं, हे तो घोंगडीत पडल्या पडल्या सांगायचा. एकदा लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडवलं होतं, तेसुद्धा नुसत्या आवाजाच्या रोखानं काठी फेकून. पुढे एका दुष्काळात मेंढरं निम्मी मेली, निम्मी विकली. तेव्हा केरबा म्हणाला, “पानी जिकडं चाललंय तिकडं आपुन जावं.” एवढं लांब वाक्य तो त्यानंतर बरीच वर्षं बोलला नाही. पाणी शहराकडं चाललं होतं. नव्या लग्नाची बायको घेऊन तो आला, शहराच्या पाइपासाठी चर खोदायला लागला आणि खोदता खोदता पाण्याच्या खात्यात चिकटला.

बायको बानाबाई. सावळी, ठेंगणी, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. लहानपणी एडक्यानं शिंग मारलं होतं, त्याची खोक डाव्या भिवईत. तेवढ्या जागेत केस उगवत नसत. नवरा बोलत नाही म्हटल्यावर दोघांच्या वाटचं बोलायचं काम तिनं एकटीनं ओढलं. एकुलती लेक ज्ञानेश्वरी लग्न होऊन पैठणला गेली, आणि मग ऐकणारं माणूसही घरात उरलं नाही. रात्री केरबा ड्युटीवर, दिवसा झोपेत. मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत टीव्ही होता, पण त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर पितळी मेंढी. केबल नव्हती.

केबल का नव्हती हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यातूनच उभा राहिला. लेक दहावीला असताना एका रात्री केरबा लवकर घरी आला. मायलेकी टीव्हीसमोर बसलेल्या. पडद्यावर कुणाची तरी बायको कुणाच्या तरी नवऱ्याचा हात धरून उभी. केरबानं पक्कड घेतली, माळवदावर गेला आणि केबलची वायर कापली. खाली येऊन म्हणाला, “असल्या शिरेली घरं मोडत्यात.” गल्लीत त्याचं मोठं नाव झालं. त्याचं बघून आणखी चौघांनी आपापल्या वायरी कापल्या. बानाबाई पंधरा दिवस फुगून बसली, मग तिनं तो रुमाल विणायला घेतला.

तर असा हा केरबा. आणि या केरबाला मालिकेचा नाद लागला.

सगळा दोष त्याचा नव्हता. कॉलनीच्या चार गल्ल्या. पहिलीचं पाणी नऊला, दुसरीचं पावणेदहाला, तिसरीचं साडेदहाला, चौथीचं सव्वाअकराला. प्रत्येकीला पाऊण तास, आणि बाराला मेन लाईन बंद. तिसऱ्या गल्लीचा वॉल नेमका मधुसूदनरावांच्या खिडकीखाली. मधुसूदनराव म्हणजे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे आणि दोन्ही कानांनी गेलेले गृहस्थ. त्यांची पत्नी अनसूयाबाई. साडेदहाला केबलवर एक मालिका लागायची. तिला नाव होतं, पण सगळे तिला ‘साडेदहाची’च म्हणत. पोरं झोपल्यावर बघावी असाच तिचा विषय. प्रांजली नावाची बाई. तिचा नवरा अमेय कंपनीच्या कामानं सदा परगावी. प्रांजलीची दाढ दुखायला लागते, ती दाताच्या डॉक्टरकडे जाते, आणि मग त्या एका दाढेवर आठ महिने इलाज चालतो.

मधुसूदनराव ही मालिका बघत नसत. ते पेपर वाचत. फक्त पेपर वाचताना टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवत. तरी ऐकू यायचं नाहीच, म्हणून अनसूयाबाई ओरडून सांगत, “अहो, आला तो! दंतवैद्य! हात धरला हो!” पेपराआडून विचारणा होई, “कुणाचा?” “माझा! अहो प्रांजलीचा, दुसऱ्या कुणाचा!”

केरबा वॉलच्या खड्ड्याशेजारी उकिडवा बसलेला. खिडकीला जाड पडदा, त्यामुळे दिसायचं काही नाही. ऐकू मात्र सगळं यायचं. पहिल्या पाळीला ऐकून तो थुंकला. दुसऱ्या पाळीला थुंकायचं विसरला. तिसऱ्या पाळीला प्रांजली एकटीच स्वयंपाकघरात बसून रडत होती. नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. ‘बोलायला वेळ नाही’ एवढंच तो म्हणाला होता. कळपातून चुकलेली मेंढी आधी मोठ्यानं ओरडते, मग तिचा आवाज बारीक होतो, मग नुसता श्वास राहतो. तो बारीक आवाज केरबाला ओळखीचा होता. त्याचे डोळे भरून आले. चावीचा गंज पुसतोय असं दाखवत त्यानं बाहीनं तोंड पुसलं. समोर काळं कुत्रंही नव्हतं, तरी दाखवलं.

तिथून तो अडकला तो अडकलाच. मधल्या तीन रात्री दुसऱ्या कॉलन्यांत ड्युटी. तिथं एखाद्या खिडकीतून अर्धं वाक्य, एखाद्या गॅलरीतून हुंदका मिळायचा, पण शितांनी काही पोट भरत नाही. पोटभर जेवण तिसऱ्या गल्लीत. कारण अकराला मालिका संपली की मधुसूदनराव पेपर बाजूला ठेवत आणि अनसूयाबाई त्यांना मागच्या चार दिवसांची गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगत. त्यावर मधुसूदनराव शंका काढत. “पण अमेयच्या हे लक्षात कसं येत नाही? डेंटिस्टचं बिल तोच भरतो ना?” हा खल पावणेबारापर्यंत चाले, आणि तो संपल्याशिवाय उठणं केरबाच्यानं होत नसे. सव्वाअकरा केव्हाच होऊन गेलेले असत. तिसऱ्या गल्लीच्या टाक्या वाहायच्या, लोक दुष्काळात मोटारी धुवायचे. आणि चौथ्या गल्लीला पंधरा मिनिटं करंगळीएवढी धार.

चौथ्या गल्लीत नानासाहेब राहत. ते शाळेत पी.टी.चे मास्तर होते. नोकरी सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. त्यांनी पाच पाळ्या स्टॉपवॉच लावून पाणी मोजलं आणि अंगणात चार माणसं गोळा करून निकाल सांगितला.

“माणूस एका गल्लीवर एवढा मेहेरबान का होतो? पैसा, नाहीतर बाई. केरबा पैसा घेत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग राहिलं काय?”

राहिलं ते सगळ्यांना पटलं. बाई कोण, एवढंच शोधायचं होतं. तिसऱ्या गल्लीत मालनबाई नावाची विधवा फॉल-पिकोचं काम करायची. तिनं केरबाला दोनदा चहा दिलेला कुणीतरी पाहिला होता. झाला पुरावा. मालनबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, “त्या मुक्याशी? दोन चहात तो माझ्याशी एकदा ‘व्हय’ म्हणाला. तेबी साखर टाकू का इचारलं तेव्हा.” पण तिची साक्ष घेतो कोण? असल्या खटल्यात आरोपीला कुणी विचारत नाही, मजा जाते.

नानासाहेबांनी ही बातमी मोठ्या विश्वासानं दूधवाल्याला सांगितली. दूधवाला अजिनाथ रोज पहाटे घाटाकडून मोटरसायकलवर किटल्या बांधून यायचा. तो बानाबाईचा सख्खा भाऊ आहे हे नानासाहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं. अजिनाथ माप हातात धरून ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता त्यानं नानासाहेबांच्या पातेल्यात अर्धा लिटर दूध जास्त ओतलं. मग उरलेल्या गिऱ्हाइकांना तसंच सोडून तो थेट बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी केरबा झोपून उठला तेव्हा बानाबाई देव्हाऱ्यापुढं बसली होती. तिच्या हातात भंडाऱ्याची वाटी. शहराजवळच्या सातारा गावातल्या खंडोबाचा भंडारा, लेकीच्या लग्नाच्या वेळी आणलेला.

“उचला,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“तिसऱ्या गल्लीला पानी जास्ती कामून जातं, ते सांगू नका. मला पान्याशी देनंघेनं नाय. भंडारा उचला आन् म्हना, त्या गल्लीत माझं मन कुन्या बाईत गुतलेलं नाय. बस. मंग जग काय बी म्हनू द्या.”

धनगराच्या घरात भंडाऱ्याची शपथ म्हणजे कोर्टाच्या वरचं कोर्ट. तिथं अपील नाही. केरबानं हात पुढं केला, बोटं भंडाऱ्यात घातली, आणि थांबला.

इथं दुसरा कुणी असता तर फटकन शपथ घेऊन मोकळा झाला असता. बाई नव्हतीच, मग भ्यायचं कशाला? पण केरबाचा हिशेब सरळ होता. बाईला हात लावला का? नाही. बाई पाहिली का? तीही नाही. पण मनाचं काय? चार दिवस तो पाळीची वाट बघायचा हे खरं. प्रांजली रडली की आपल्या घशाशी येतं हेही खरं. आणि गेल्या पाळीला आपण दाढी करून गेलो होतो, हे त्याला आत्ता, भंडाऱ्यात बोटं असताना आठवलं. खंडोबानं स्वतः बानूपायी धनगराघरी मेंढरं राखली होती, तेव्हा देव या बाबतीत जरा समजुतीनं घेईल असं एखाद्याला वाटलं असतं. केरबाला तसं वाटलं नाही.

“हात लावल्याला नाय,” तो कसाबसा म्हणाला.

“हाताचं कोन इचारतंय? मी मनाचं इचारलं.”

केरबानं बोटं मागं घेतली. बोटांना लागलेला भंडारा धोतराला पुसावा की कपाळाला लावावा हे त्याला कळेना, म्हणून तो हात हवेतच धरून बसला.

बानाबाई रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, “सत्तावीस वर्सं मी भिताडाशी बोलले. म्हनलं, मानूसच तसा हाय, त्याला बोलताच येत नाय. आन् तिकडं तुमी कुनासाठी तरी दीड-दीड तास बसता. आयतवारी अजिनाथ येनार हाय. त्याच्यासंगं मी जाते.” उठून तिनं दोन लुगडी, कंगवा आणि लेकीचा फोटो गाठोड्यात बांधला आणि गाठोडं दाराशी ठेवून दिलं.

खरं सांगितलं तर सुटका होती, पण खरं सांगायचं कसं? ज्यानं पक्कड घेऊन वायर कापली, ज्याच्या नावानं मुकुंदवाडीत चार केबली बंद झाल्या, लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडवणारा हा बाप्या दर पाळीला खिडकीखाली बसून एका दाढदुखीवाल्या बाईसाठी डोळे पुसतो? त्यापेक्षा लफडं पत्करलं. लफड्याला निदान थोडी इज्जत असते. दोन दिवस तो गाठोड्याकडे बघत बसला.

शनिवारी तिसऱ्या गल्लीची पाळी होती. निघायच्या वेळी तो दारात उभा राहिला. गाठोडं पायाशी. एकाएकी त्याला वाटलं, उद्या या वेळी इथं गाठोडं नसेल, आणि हिचा आवाजही नसेल. भिंतीशी बोलते तो आवाज झोपेत रोज कानावर पडायचा. त्याच्याशिवाय आपल्याला झोप कशी येणार, हा विचार त्याला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आला.

“चल,” तो म्हणाला.

“कुठं?”

“दाखवतो तुला ती.”

बानाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा जागच्या जागी विरघळला असता. मग तिनं चिमूटभर भंडारा पदराच्या गाठीत बांधला, पदर खोचला आणि लुनावर बसली. सवतीला बघायला जाताना बायकोला नवऱ्यानंच डबलसीट न्यावं, असा प्रकार मराठवाड्यात बहुधा पहिलाच असेल. लोखंडी चावी तिच्या गुडघ्याला टोचत होती.

पहिली गल्ली झाली, दुसरी झाली. साडेदहाला केरबानं तिसऱ्या गल्लीचा वॉल उघडला, चावी कानाला लावली, पाणी पुढं गेल्याची खात्री केली आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. शेजारची जागा त्यानं हातानं झाडली. बानाबाई उभीच.

“कुठाय ती?”

“थांब. येतीच.”

“टाइम ठरलेलाय व्हय तिचा?”

“व्हय. साडेधा.”

बानाबाईनं पदराच्या गाठीवर मूठ आवळली. तेवढ्यात खिडकीतून गाण्याचा दणका आला, पाठोपाठ एका बाईचा रडवेला आवाज: “मी काय करू? मला कुणाशी तरी बोलायचं आहे!”

“हीच,” केरबा म्हणाला. मान खाली, आवाज पडलेला.

बानाबाईनं पुढचं काही ऐकलं नाही. फाटक ढकललं, तीन पायऱ्या चढली आणि दार ठोठावलं. अनसूयाबाईंनी दार उघडलं, तेव्हा बाहेर एक अनोळखी बाई कमरेला पदर खोचून उभी आणि तिच्या मागं केरबा अपराध्यासारखा.

“काकू, ही बानाबाई. माझी मंडळी,” केरबा म्हणाला.

“अगंबाई! या, या. केरबा, इतक्या वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदा आत येताय. बसा. फक्त दोन मिनिटं बोलू नका हं, प्रांजली डॉक्टरांना सगळं सांगून टाकणार आहे आज.”

बानाबाईनं घर नजरेनं चाळलं. खुर्चीत पेपरामागं एक म्हातारे गृहस्थ. भिंतीवर गणपती. कोपऱ्यात टीव्ही. बाई म्हणावी अशी एकच, आणि ती सत्तरीची. मग टीव्हीतली रडली, तसा तोच आवाज तिच्या कानावर आला. तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं.

“ही?” ती म्हणाली. “या शिरेलीतली?”

केरबा पडद्याकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. पडद्यावर एक गोरीपान, लांबोडक्या तोंडाची, मोकळ्या केसांची बाई गुलाबी गाऊन घालून उभी होती.

“काकू, ही कोन?” त्यानं विचारलं.

“कोण म्हणजे? प्रांजली!”

“नाय. ही नव्हं. बाई बदलली का काय यांनी?”

“अहो, पहिल्यापासून हीच आहे!”

“कसं शक्य हाय?” केरबाला खरोखर राग आला. माणसाला फसवलं की येतो तसला. जन्मात कधी बोलला नसेल एवढं तो बोलायला लागला. “ती अशी नाय. ती सावळी हाय. ठेंगनी. रडू आलं की पदर दातात धरती. हनवटीवर गोंदल्यालं हाय, तीन ठिपके. आन् हितं, डाव्या भिवईत...”

तिथं तो थांबला. बोट त्याच्या स्वतःच्याच भिवईवर टेकलेलं.

अनसूयाबाईंनी बानाबाईकडे पाहिलं. बानाबाईचा हात नकळत आपल्या भिवईवर गेला होता. टीव्हीत प्रांजली डॉक्टरांना सगळं सांगत होती. ते आठ महिन्यांचं सत्य त्या रात्री त्या घरात कुणीही ऐकलं नाही.

“काय म्हणतोय तो?” पेपर खाली करत मधुसूदनरावांनी विचारलं.

आणि अनसूयाबाईंनी सवयीप्रमाणे, गल्लीच्या दोन्ही टोकांना जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “अहो, ते म्हणतायत, प्रांजली रडायला लागली की त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची बायको येते!”

“मग बरोबर आहे!” मधुसूदनराव तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. “त्यात ओरडण्यासारखं काय आहे?”

केरबाला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बानाबाईनं तोंडावर पदर ओढला आणि तरातरा बाहेर पडली, केरबा तिच्या मागोमाग. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं.

फाटकाशी शिट्टी वाजली. नानासाहेब दोन माणसं आणि बॅटरी घेऊन उभे होते. बॅटरीचा झोत आधी उघड्या वॉलवर पडला, मग केरबावर, मग त्याच्यापुढं पदर घेऊन उभ्या असलेल्या बाईवर.

“सापडली!” नानासाहेब ओरडले. “रंगेहाथ! बोला, ही बाई कोण?”

केरबा तोंड उघडायच्या आत बानाबाईनं पदर खाली घेतला आणि बॅटरीच्या झोतात ताठ उभी राहिली.

“व्हय, मीच ती,” ती म्हणाली. “आमचं सत्तावीस वर्सं चालू हाय. एक लेक बी हाय, पैठनला दिलीय. तुमाला आज कळलं व्हय?”

नानासाहेबांच्या तोंडातली शिट्टी आपोआप गळून छातीवर आली. पलीकडच्या गॅलरीतून मालनबाई पोट धरून हसल्याचा आवाज आला. बानाबाई नवऱ्याकडे वळली. “बघता काय? अकरा वाजून गेले. त्यांच्या गल्लीला पानी सोडा आदी.” त्या रात्री चौथ्या गल्लीला बारा वाजेपर्यंत असं पाणी गेलं की नानासाहेबांनी स्टॉपवॉच लावलंच नाही.

परत येताना लुनावर ती गप्प. घरी आल्यावरही गप्प. तिचं बोलणं ऐकत झोपायची सवय लागलेल्या केरबाला रात्रभर डोळा लागला नाही. आणि सकाळी पाहिलं, तर गाठोडं जिथल्या तिथं, दाराशी.

आठला अजिनाथ आला. किटल्या मोटरसायकलवरच ठेवून आत शिरला. केरबाकडं न बघता म्हणाला, “आक्का, चल. ऊन व्हायच्या आत निघू.”

“थांब जरा,” बानाबाई म्हणाली. “यांचं भंडाऱ्याचं ऱ्हायलंय.”

तिनं वाटी पुढं धरली. केरबानं एकदा गाठोड्याकडं, एकदा बायकोकडं बघितलं. मग सरळ भंडाऱ्यात बोटं घातली. या खेपेला तो थांबला नाही.

“खंडोबाच्यान सांगतो,” तो म्हणाला, “त्या गल्लीत माझं मन एका बाईत गुतलेलं हाय. लई दिसापासून. मलाच ठावं नव्हतं.”

अजिनाथ ताडकन उठला. “दाजी! देवाम्होरं सांगू राह्यलेत? लाज...” तो पुढं काही बोलणार तोच त्याला दिसलं की बहीण हसतेय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. तिनं वाटीतली चिमूट घेऊन नवऱ्याचं कपाळ पिवळं केलं, थोडी मिशांवरही सांडली. अजिनाथनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, उन्हाळा फार वाईट आहे असं मनात ठरवलं आणि खाली बसला.

“जाताना तेवढं त्या केबलवाल्याला सांग,” बानाबाई भावाला म्हणाली. “म्हनावं वायर जोडून दे. आता काय चोरी नाय.”

“केबल नगं,” केरबा म्हणाला.

बानाबाईचं हसू थांबलं. “कामून?”

केरबानं मिशांवरचा भंडारा पुसला, घसा खाकरला, आणि जन्मभर न बोललेल्या माणसाला सुरुवात करताना जेवढं अवघड जातं तेवढं त्यालाही गेलं.

“मी सांगतो की तुला,” तो म्हणाला. “पयल्यापून सांगतो. आदी तिची दाढ दुखाया लागली...”

बानाबाईनं दाराशी असलेलं गाठोडं ओढून घेतलं आणि त्याच्यावर बसून ती ऐकू लागली.